रिअॅक्शन व्हीलची लाइफ टेस्ट पहिल्यांदा लावताय? आधी हे वाचा

नवी मुंबईत रबाळ्याच्या एमआयडीसीत आमचा गाळा आहे. लहान उपग्रहांसाठी आम्ही रिअॅक्शन व्हील, म्हणजे उपग्रहाला वळवणारी चाकं, बनवतो. पहिली लाइफ टेस्ट लावली तेव्हा चाक व्हॅक्यूम चेंबरमध्ये ठेवलं, ६००० आरपीएमवर नेलं आणि तसंच फिरत ठेवलं. ४२५ दिवस. फेऱ्या झाल्या ३६७ कोटी. रिपोर्ट बांधून घेतला आणि ग्राहकाकडून आलेल्या तपासनीसांसमोर ठेवला. त्यांनी दोन पानं उलटली आणि विचारलं, "हे चाक शून्य वेगातून किती वेळा गेलं?"

सुरू करताना एकदा, आणि मध्ये लाईट गेल्यामुळे थांबलं तेवढ्या नऊ वेळा. त्यांनी फाइल मिटली. त्यांचं बरोबर होतं. सव्वा वर्षाच्या त्या चाचणीतून बेअरिंग कक्षेत किती टिकेल, याचं उत्तर मिळत नव्हतं.

आता ठाणे-बेलापूर पट्ट्यातून, पुण्याहून, कॉलेजच्या उपग्रह गटांतून मुलं-मुली आमच्याकडे येतात आणि अगदी तशीच चाचणी लावायच्या बेतात असतात. त्यांना जे समोर बसवून सांगतो, ते इथे क्रमाने लिहितोय.

चाकाचं काम थोडक्यात असं. उपग्रहाच्या आत मोटरवर एक जड चकती असते. ती एका दिशेने वेग घेते, तेव्हा उपग्रह दुसऱ्या दिशेने वळतो. इंधन लागत नाही. तीन अक्षांना तीन चाकं पुरतात, चौथं तिरकं बसवून राखीव ठेवतात. मंगळयानावर अशी चार चाकं होती. नासाच्या केप्लर अवकाश दुर्बिणीवरही चारच होती. मार्च २००९ मध्ये ती वर गेली, जुलै २०१२ मध्ये एक चाक गेलं, मे २०१३ मध्ये दुसरं, आणि दुर्बीण ज्या कामासाठी पाठवली होती ते काम तिथेच थांबलं. जपानच्या हायाबुसा यानाची तीनपैकी दोन चाकं २००५ मध्ये बंद पडली, एक लघुग्रहाकडे जाताना आणि दुसरं तिथे पोहोचल्यावर. वर जाऊन कुणी तेल घालू शकत नाही. म्हणून ही चाचणी.

१. दुखणं कुठे असतं ते आधी समजून घ्या

चकती झिजत नाही. मोटरही सहसा दगा देत नाही. आयुष्य ठरतं ते बेअरिंगच्या जोडीवर, आणि त्यातही काही मिलिग्रॅम तेलावर.

चाक वेगात असतं तेव्हा गोळ्या आणि रिंग यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर तयार होतो. त्याची जाडी एका मायक्रॉनपेक्षाही कमी असते, पण तेवढ्यावर पोलाद पोलादाला शिवत नाही. वेग उतरला की थर पातळ होतो. चाक शून्याजवळ येऊन उलटं फिरायला लागतं, तेव्हा काही क्षण थर जवळजवळ नसतोच. झीज होते ती तिथे. थराची जाडी आणि पृष्ठभागांचा खडबडीतपणा यांच्या गुणोत्तराला लॅम्डा म्हणतात. तो तीनच्या वर असेल तर धातू वेगळे राहतात, एकच्या खाली गेला तर घासतात, मधल्या पट्ट्यात दोन्ही थोडं थोडं चालतं. आमचं पहिलं चाक ४२५ दिवस तीनच्या वरच होतं. झिजण्याची संधीच त्याला मिळाली नाही.

तेलाची निवडही इथेच येते. अवकाशात दोन कुळांची तेलं चालतात. फ्लोरिनवालं पीएफपीई तेल निर्वातात फार थोडं उडतं, पण धातू धातूवर घासायला लागला की पोलादाच्या संगतीत ते रासायनिकरीत्या तुटतं. दुसरं मॅक, म्हणजे पेन्झेनच्या जातीचं तेल. घासाघासीत ते जास्त टिकतं. तुमचं चाक वारंवार शून्य ओलांडणार असेल तर माझं मत दुसऱ्याच्या बाजूने आहे. गोळ्या सिलिकॉन नायट्राइडच्या घेता आल्या तर जरूर घ्या. पोलादाच्या गोळ्यांमधून विजेच्या बारीक ठिणग्या जाऊन पृष्ठभाग खराब होतो. केप्लरच्या चाकांबाबतही सौरवादळांत साठलेल्या विद्युतभाराचं असं कारण मांडलं गेलं आहे. सिरॅमिक गोळीतून वीज जातच नाही.

२. वेग वाढवून वेळ वाचत नाही

नव्याने येणारा प्रत्येक जण हे विचारतो: पाच वर्षांच्या फेऱ्या दुप्पट वेगाने अडीच वर्षांत का करू नयेत? कारण वेग वाढवला की तेलाचा थर जाड होतो आणि बेअरिंगला आराम मिळतो. मग तापमान वाढवून तेल पातळ करू, असं काही जण म्हणतात. त्याने थर पातळ होतो खरा, पण त्याबरोबर तेलाचं बाष्पीभवन आणि रासायनिक क्रिया यांचाही वेग बदलतो, आणि प्रत्येकाचा वेगळ्या प्रमाणात. शेवटी हाती जो आकडा येतो तो वेगळ्याच कुठल्यातरी यंत्राचा असतो.

एक सवलत मात्र घेता येते. कक्षेत शून्य वेगाच्या दोन ओलांडण्यांच्या मधला बराचसा वेळ चाक पूर्ण थरावर आरामात फिरत असतं. तो मधला भाग कापा. शून्याजवळचा भाग खऱ्या उतारानेच चालवा, तिथे सेकंदाचीही घाई नको. तरी सगळीच चाकं अशी चालवू नका. घासल्यानंतर तेल पुन्हा जागेवर यायला वेळ लागतो, आणि अशा कापलेल्या प्रोफाइलमध्ये (प्रोफाइल म्हणजे चाकाच्या वेगाचं वेळापत्रक) तो वेळ मिळत नाही. निदान एक चाक खऱ्या वेळेत चालू द्या आणि दोघांची तुलना करा.

३. मिशनमधून प्रोफाइल काढा

कागद-पेन्सिल घेऊन बसा. पृथ्वीजवळच्या कक्षेतला उपग्रह दिवसाला साधारण १५ फेऱ्या मारतो. एका कक्षेत चाक दोनदा शून्य ओलांडतं असं धरलं तर दिवसाला ३०, वर्षाला १०,९५० आणि पाच वर्षांत ५४,७५० ओलांडण्या होतात. कापलेल्या प्रोफाइलमध्ये दर दहा मिनिटांनी एक ओलांडणी ठेवली तर दिवसाला १४४ होतात, आणि पाच वर्षांचा आकडा सुमारे ३८० दिवसांत गाठता येतो.

त्यावर सुरक्षेचा गुणक लावावा लागतो. युरोपच्या ईसीएसएस या अवकाश मानकात यंत्रणांसाठी तो पायरीपायरीने दिलाय: आवर्तनं थोडी असतील तर गुणक मोठा, एक हजार ते एक लाख या टप्प्यात २, आणि एक लाखाच्या पुढच्या भागाला १.२५. एकूण फेऱ्या कोटींत जातात, म्हणून तिथे १.२५ चालतो. ओलांडण्या मात्र हजारांत असतात, त्यांना जवळजवळ दुप्पट धरा. म्हणजे ३८० दिवसांचे दोन वर्षांच्या वर झाले. ही तारीख ग्राहकाला पहिल्याच बैठकीत सांगा. मागाहून सांगितली तर कुणी ऐकून घेत नाही.

या भागात एक खड्डा आहे, त्यात आम्ही दोन महिने अडकलो होतो. चाक ३००० आरपीएमवर ठेवलं तर ते सेकंदाला ५० वेळा फिरतं, आणि आपल्या लाईनची फ्रीक्वेन्सीही ५० हर्ट्झ. व्हायब्रेशनच्या आलेखावर ५० चा सुळका दिसला की तो चाकाचा की महावितरणचा, हे ओळखता येत नाही. आता आम्ही २७६० वर, म्हणजे ४६ हर्ट्झवर ठेवतो. आपलं ४६ वर, लाईनचं ५० वर, दोन्ही वेगवेगळे दिसतात. केजची (गोळ्यांना धरणाऱ्या पिंजऱ्याची) फ्रीक्वेन्सी शाफ्टच्या सुमारे ०.४ पट, म्हणजे १८ च्या आसपास येते. ती जागाही मोकळी राहते का पाहा. शेजारच्या गाळ्यात पॉवर प्रेस असेल तर आधी चाक बंद ठेवून रिकाम्या खोलीचं मोजमाप घ्या. आम्ही बारीक मोजमापं रात्री दोन ते चार या वेळात घेतो, ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे ट्रेलर त्या वेळी कमी असतात.

४. कागद आणि सामान

चाचणी सुरू व्हायच्या आधी हे कागद तयार हवेत: चाचणीचा आराखडा (प्रोफाइल, गुणक, तापमान); नापास कधी म्हणायचं त्याचे निकष, सही आणि तारखेसह; बेअरिंगच्या लॉटचं प्रमाणपत्र; तेलाच्या बाटलीचा बॅच नंबर आणि उघडल्याची तारीख; जोडणीच्या वेळचे वजनाचे आकडे; बॅलन्सिंगचा अहवाल; सगळ्या मोजमाप-यंत्रांचे चालू कॅलिब्रेशन दाखले.

नापासाचे निकष आधी लिहा हे मुद्दाम सांगतो. चाचणी वर्षभर चालली की त्या चाकावर जीव जडतो. मग घर्षण दीडपट झालं तरी 'अजून चालतंय ना' असं वाटायला लागतं. मोटरच्या ताकदीतून किती घर्षण सोसता येईल त्याचा हिशोब आधी मांडा आणि त्या आकड्यावर सही करा.

सामानात व्हॅक्यूम चेंबर, टर्बो पंप आणि त्याच्या मागे शक्यतो तेल नसलेला स्क्रोल पंप, दाबासाठी पिरानी आणि कोल्ड कॅथोड गेज, चिलरवर चालणारी बेसप्लेट, तापमानासाठी पीटी-१०० सेन्सर, करंटचा चांगला सेन्सर, व्हायब्रेशनसाठी एक अॅक्सिलरोमीटर, डेटा लॉगर, ऑनलाइन यूपीएस. चाकाचं ड्राइव्ह कार्ड चेंबरच्या बाहेर ठेवा. कार्ड जळलं म्हणून बेअरिंगची चाचणी मोडायला नको.

नट-बोल्ट, ओ-रिंग, फिटिंग यांसाठी मुंबईत नागदेवीच्या बाजारात जा, हवं ते मिळेल. बेअरिंग मात्र बाजारातून सुटी घेऊ नका, कितीही ओळखीचा दुकानदार असला तरी. लॉट नंबर आणि कंपनीचं प्रमाणपत्र नसलेलं बेअरिंग दोन वर्षं फिरवून काय सिद्ध करणार? बॅलन्सिंग करून देणारे ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये सापडतात, पण पंप आणि पंख्यांना चालणारा जी ६.३ हा बॅलन्सिंगचा दर्जा चाकाला पुरत नाही. जी ०.४ मागा आणि त्यांच्या मशीनवर तो येतो का, ते आधी विचारा.

चाकं किती? तीन तरी हवीत. एक खऱ्या वेळेत, एक कापलेल्या प्रोफाइलवर, आणि एक जोडून, न फिरवता, कोरड्या नायट्रोजनमध्ये ठेवलेलं. तिसऱ्याला लोक फुकटचा खर्च म्हणतात. शेवटी बेअरिंगवर डाग दिसला, तर तो फिरण्यामुळे आला की नुसत्या काळामुळे, हे त्या तिसऱ्या चाकाशिवाय ठरवता येत नाही.

५. बेअरिंग हाताळताना: जून ते सप्टेंबर विशेष जपा

आमच्याकडे नव्याने लागलेल्या एका मुलाने जुलैमध्ये ५२१०० जातीच्या पोलादाची रिंग पाकिटातून काढून बोटांत धरून पाहिली आणि परत ठेवली. चौथ्या दिवशी भिंगाखाली धरली तर कडेला त्याच्या अंगठ्याचा ठसा होता, एकेक रेघ तपकिरी. खाडीजवळची हवा, आजूबाजूचे केमिकलचे कारखाने आणि पावसाळा यांत घामाचं एक बोट एवढं करतं. ४४० सी जातीचं गंजरोधक पोलाद जास्त सोसतं, तरी उघड्या बोटाने त्यालाही शिवू नका. नायट्राइलचे हातमोजे पावडर नसलेले घ्या.

त्याहून न दिसणारं संकट केजचं. गोळ्यांना अंतरावर धरणारा हा पिंजरा बहुधा कापड आणि फिनॉलिक रेझिनचा असतो आणि तो सच्छिद्र असतो. दमट हवेत तो पाणी पितो. तसाच तेलात बुडवला तर पाण्याच्या जागी तेल शिरत नाही, आणि निर्वातात गेल्यावर पाणी बाहेर पडून केज कोरडा होतो. कोरडा केज काय करतो? रिंगांवरचं तेल स्वतःच शोषून घेतो. तेल होतं तेवढंच बेअरिंगमध्ये राहतं, पण जिथे लागतं तिथे उरत नाही. या कारणाने जाम झालेली चाकं मी पाहिली आहेत, आणि बाहेरून त्यांना काहीही झालेलं दिसत नव्हतं.

म्हणून क्रम असा ठेवा. केज व्हॅक्यूम ओव्हनमध्ये कोरडा करा, वजन स्थिर होईपर्यंत. मग निर्वातातच कोमट तेलात बुडवा. बाहेर काढून निथळू द्या, वजन घ्या. पुन्हा बुडवा, पुन्हा वजन. दोन वजनं सारखी येईपर्यंत हेच करत राहा. हा एक-दोन दिवसांचा उद्योग नाही, आठवडाही जातो. ०.१ मिलिग्रॅम दाखवणारा काटा लागतो, आणि तो काटा एसीच्या झोतात ठेवू नका.

दोन जातींची तेलं एकमेकांजवळही आणू नका. पीएफपीई साध्या सॉल्व्हंटने निघत नाही, त्याला फ्लोरिनवालंच लागतं. एकच चिमटा दोन्हीला वापरला आणि संपूर्ण लॉट टाकून द्यावा लागला, असं आमच्याकडे झालंय.

६. आधी हादरे, मग आयुष्य

प्रक्षेपणाच्या वेळी रॉकेटमध्ये चाक जोरात हलतं. गोळ्या रिंगवर आपटतात, बारीक खड्डे पडू शकतात, प्रीलोड, म्हणजे बेअरिंगच्या जोडीवर आधीच दिलेला दाब, सरकू शकतो. कक्षेतलं आयुष्य सुरू होतं ते या मार खाल्लेल्या बेअरिंगचं. म्हणून लाइफ टेस्टच्या आधी तेच चाक व्हायब्रेशन टेबलावर आणि थर्मो-व्हॅक्यूममधून (निर्वातात गरम-थंड करण्याच्या चाचणीतून) काढा. स्वतःचं टेबल नसेल तर एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत तास विकत घ्या, किंवा अहमदाबादेत इन-स्पेस या सरकारी अवकाश संस्थेच्या तांत्रिक केंद्रात विचारा, खासगी कंपन्यांसाठी तिथे सोय आहे. व्हायब्रेशनच्या आधी आणि नंतर कोस्ट-डाउन घ्या, म्हणजे मोटर सोडून चाक स्वतःहून थांबेपर्यंत वेग मोजा (पायरी ९). दोन आलेख एकमेकांवर बसले नाहीत तर पुढे जाऊ नका.

७. व्हॅक्यूम

चेंबर १० चा उणे पाचवा घात मिलिबारपर्यंत तरी न्या. तेल किती उडतं ते या दाबावर आणि तापमानावर ठरतं. मागचा पंप तेलावर चालणारा असेल तर त्याची वाफ उलटी चेंबरमध्ये येते आणि तुमच्या बेअरिंगला फुकटचं वंगण मिळतं. चाचणी सुंदर चालते, निष्कर्ष खोटा निघतो.

निर्वातात उष्णता हवेने जात नाही. बेअरिंगची उष्णता फक्त बेसप्लेटकडून निघते, त्यामुळे चाक आणि प्लेट यांच्यातले स्क्रू ठरलेल्या टॉर्कनेच आवळा आणि तो आकडा लिहून ठेवा. एक चाक उभ्या अक्षावर आणि एक आडव्या अक्षावर बसवलं तर गुरुत्वाकर्षणाचा परिणाम वेगळा काढता येतो.

चाक मोठं असेल तर ते तुटल्यास तुकडे अडवायला बाहेर पोलादी कडं लावा. आमच्या लहान चाकात ४००० आरपीएमला जेमतेम ९ जूल ऊर्जा असते. ५० न्यूटन-मीटर-सेकंद कोनीय संवेगाच्या मोठ्या चाकात त्याच वेगाला १०,००० जूलच्या वर.

८. लाईट जाणार, हे धरूनच चाला

दोन वर्षांत लाईट जाणार नाही असं कुठेच होत नाही. पावसात फीडर ट्रिप होतो, देखभालीचा शटडाऊन असतो. यूपीएसवर चाकाचं ड्राइव्ह, लॉगर आणि टर्बो पंप तिन्ही ठेवा. चिलर मोठा भार असतो, तो जनरेटरवर. टर्बो आणि चेंबर यांच्यामध्ये वीज गेली की आपोआप मिटणारा गेट व्हॉल्व्ह लावा, म्हणजे पंप थांबला तरी चेंबर तसाच राहतो. चेंबर उघडावाच लागला तर आत कोरडा नायट्रोजन सोडा, पावसाळी हवा नको.

लाईट आल्यावर चाक आपोआप सुरू होईल अशी सोय करू नका. सोयीची वाटते, पण चाक का थांबलं हे कळायच्या आत ते पुन्हा फिरायला लागतं. माणसाने यावं, आकडे पाहावेत, लिहावं, मग बटण दाबावं.

९. काय मोजायचं

रोज चालू असताना करंट, वेग, तापमान आणि दाब सेकंदाला एकदा. दिवसातून एकदा दहा सेकंदांचं वेगवान व्हायब्रेशन रेकॉर्डिंग. आणि आठवड्यातून एकदा कोस्ट-डाउन. एवढ्यात सगळ्यात जास्त सांगतो तो कोस्ट-डाउन.

करायचा असा. चाक ४००० वर न्या, मोटरच्या तारा मोकळ्या करा, आणि ते स्वतःहून थांबेपर्यंत वेग लिहीत राहा. चाक ज्या दराने मंदावतं त्याला चकतीच्या जडत्वाने गुणलं की त्या वेगाचं घर्षण मिळतं. उदाहरण घ्या: जडत्व ०.०००१ किलोग्रॅम-मीटर वर्ग, आणि १००० वरून ९०० आरपीएमवर यायला ३ सेकंद लागले. १०० आरपीएम म्हणजे १०.४७ रेडियन प्रति सेकंद. भागिले ३, गुणिले जडत्व: सुमारे ०.३५ मिलिन्यूटन-मीटर. असे प्रत्येक वेगाचे बिंदू मांडले की वाडग्यासारखी वक्ररेषा दिसते. उजवीकडे जास्त वेगाला तेलाच्या चिकटपणामुळे घर्षण वाढतं, डावीकडे शून्याजवळ थर तुटल्यामुळे वाढतं. मधला तळ जिथे आहे, त्या वेगाच्या खाली तुमचं बेअरिंग घासतं. महिन्यागणिक तो तळ उजवीकडे सरकू लागला तर तेल कमी होतंय, हे करंटच्या सरासरीत दिसण्याच्या खूप आधी कळतं.

यात दोन काळज्या. बेसप्लेटचं तापमान दर वेळी तेच हवं, अर्ध्या अंशाच्या आत, दोन तास स्थिरावल्यानंतर. नाहीतर तेलाचा चिकटपणा बदललेला असतो आणि तुम्ही हवामान मोजत बसता. आणि मोटरच्या लोखंडामुळे होणारा चुंबकीय रोध या घर्षणात मिसळलेला असतो. बेअरिंगमध्ये काहीही बदललं नाही तरी तो तिथे असतोच. जोडणीच्या आधी तो वेगळा मोजून ठेवा.

सरासरीवर विसंबू नका. मागच्या वर्षी मधल्या चाकाचे सगळे आकडे ठीक होते. आमचे फिटर काका चहा घेऊन खोलीत आले, कप खाली ठेवला, चेंबरच्या फ्लँजला स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून मूठ कानाला लावली आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. "मधलं थांबून थांबून घरघरतंय हो," म्हणाले. "आत्ता गप्प झालं. हां, परत." लॉगर सेकंदाचा सरासरी करंट लिहीत होता, त्यात काही नव्हतं. वेगवान नोंद लावली तर करंट मिनिटाला दोन-तीनदा क्षणभर उसळून खाली येताना दिसला. केज डगमगत होता. तेव्हापासून लॉगरमध्ये प्रत्येक सेकंदाच्या सरासरीबरोबर त्या सेकंदातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडाही लिहितो. तुम्ही पहिल्या दिवसापासून लिहा.

१०. नोंदवही

संगणकात सगळं असतंच, तरी खोलीत एक बांधलेली नोंदवही ठेवा, पानांवर क्रमांक घातलेली. चाक थांबलं, सुरू झालं, कुणी चेंबरला हात लावला, चिलरमध्ये पाणी घातलं, शेजारी ड्रिलिंग झालं, सॉफ्टवेअर बदललं: वेळ आणि सही. लॉगरचं घड्याळ, कॅमेऱ्याचं घड्याळ आणि भिंतीवरचं घड्याळ एकच वेळ दाखवतात का, ते दर सोमवारी पाहा. दीड वर्षानंतर आलेखात एक पायरी दिसते आणि त्या दिवशी काय झालं होतं ते कुणालाच आठवत नाही. वहीत 'चिलरची नळी बदलली, ४:१०' एवढं सापडलं तरी ती पायरी चाकाची नाही हे सिद्ध होतं. नसेल लिहिलेलं तर ती चाकाच्याच खात्यावर जाते, आणि तपासनीस ती तिथेच धरतील. तेही योग्यच आहे.

वहीत खाडाखोड करू नका. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी बरोबर लिहा, खालचं वाचता आलं पाहिजे.

११. अलार्म वाजला तर

पहिली ऊर्मी चाक बंद करण्याची असते. थांबा. सॉफ्टवेअरने आधी मागच्या साठ सेकंदांचा वेगवान डेटा साठवला पाहिजे, मगच चाक उतरवायचं, तेही ठरलेल्या उताराने. अचानक बंद केलं तर जे बिघडत होतं त्याचा पुरावा जातो. मग आधी बाहेरचं तपासा: सेन्सर, वायर, ड्राइव्ह कार्ड, चिलर. आमच्याकडचे बहुतेक अलार्म तिथेच संपले. चाक बाहेर काढणं सगळ्यात शेवटी, आणि एकट्याने ठरवून कधीच नाही.

१२. शेवटी उघडणं

ठरलेला आकडा गाठल्यावर एकच चाक उघडा. आधी कोस्ट-डाउन घ्या, मग चेंबरमध्ये नायट्रोजन सोडून पुन्हा एक. उघडताना प्रत्येक टप्प्याला फोटो, रिंगवर दिशेची खूण, आणि केज व गोळ्यांची वजनं पुसण्याआधी. बेअरिंग पाहिलं की कापडाने स्वच्छ करावंसं वाटतं. ते करू नका. रिंगवर जमलेला काळपट तपकिरी लगदा हाच दोन वर्षांचा हिशोब आहे. तो लहान काचेच्या कुपीत गोळा करा, अर्धा तपासायला द्या, अर्धा सीलबंद ठेवा.

तपासणीसाठी ठाण्याहून पवई लांब नाही. आयआयटी मुंबईच्या सैफ या उपकरण केंद्रात बाहेरच्यांचे नमुनेही घेतात. आगाऊ नोंदणी करा, आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली रिंगच्या कुठल्या भागाचे फोटो हवेत ते खुणेसह लिहून द्या. तेल तुटलं का ते इन्फ्रारेडवर कळतं, झीज किती ते गोळ्यांच्या मोजमापावरून. नायट्रोजनमध्ये ठेवलेलं तिसरं चाकही त्याच आठवड्यात उघडा आणि त्याच क्रमाने सगळं करा.

खऱ्या वेळेत फिरणारं चाक मात्र उघडू नका. ग्राहकाने रिपोर्ट स्वीकारला, पैसे आले, खोली दुसऱ्या कामाला हवी झाली, तरी ते चालू ठेवा. त्याच लॉटची चाकं वर फिरत असतील तोवर आपलं चाक त्यांच्यापुढे काही महिने असतं, आणि पहिली घरघर इथे ऐकू आली तर वरच्या चाकांना कोणत्या वेगापासून दूर ठेवायचं, हे ते उपग्रह चालवणाऱ्यांना वेळेत कळवता येतं.